रकान्याबाहेरचा डोळा: केळापूर, वऱ्हाड आणि कुष्ठाने आलेले अंधत्व

१९०१ च्या मार्च महिन्यात जनगणनेचे प्रगणक वऱ्हाडातल्या गावोगाव फिरले, तेव्हा केळापूर हा वणी जिल्ह्यातला एक तालुका होता. जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळायला अजून चार वर्षे अवकाश होता. तालुक्याचा कारभार पांढरकवड्याहून चाले. आजूबाजूला कपाशी आणि ज्वारीची शेते, दक्षिणेला पैनगंगेकडे उतरणारे रान, आणि त्या रानात गोंडांची गावे व कोलामांचे पोड. प्रगणकाच्या तक्त्यात शेवटी शारीरिक व्यंगांचा रकाना असे. तो कसा भरायचा याच्या सूचना स्पष्ट होत्या. दोन्ही डोळ्यांनी अंध असलेल्यालाच अंध म्हणायचे, एका डोळ्याने अंध असलेल्याची नोंद करायची नाही. कुष्ठाच्या बाबतीत अंग झडवणारे कुष्ठ तेवढे लिहायचे, पांढरे कोड सोडून द्यायचे. म्हणजे एक डोळा गेलेला आणि दुसरा जाण्याच्या वाटेवर असलेला माणूस सरकारच्या लेखी डोळस होता, आणि गालावर बधिर चट्टा असलेला पण बोटे शाबूत असलेला माणूस निरोगी होता. अंधत्व आणि कुष्ठ या दोन नोंदींचा एकमेकींशी काही संबंध आहे का, हे विचारायला जागाच नव्हती. वऱ्हाडाचे नाव तेव्हा देशातल्या जास्त कुष्ठ असलेल्या प्रांतांत घेतले जाई, आणि तरीही कुष्ठाने किती डोळे नेले याचा हिशेब त्या मोजणीतून निघू शकत नव्हता. माझे म्हणणे असे की हा केवळ एका तक्त्याचा दोष नव्हता. कायदा, दानधर्म, वैद्यक आणि पुढे सरकारी मोहीम या सर्वांनी कुष्ठाकडे बाहेरून, कातडीवरून आणि हातापायांवरून पाहिले. डोळ्यापर्यंतचा रोगाचा प्रवास मात्र आतून होत होता. या दोन दिशांच्या मधल्या फटीत वऱ्हाडातल्या कित्येकांची दृष्टी गेली, आणि जिथे ती वाचली तिथे रोग्याने संस्थेपर्यंत जाण्याआधी कोणीतरी त्याच्या गावापर्यंत आले होते.

हा प्रवास नीट समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही. शरीरात इतरत्र बसलेला जंतू रक्तावाटे डोळ्यात उतरणे ही वैद्यकाला जुनी ठाऊक असलेली गोष्ट आहे. यकृतातले गळू, हृदयाच्या झडपेवरचा संसर्ग, मेंदूच्या आवरणाची सूज अशा आजारांत जंतू रक्तात मिसळतात, आणि डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकले तर काही तासांत किंवा दिवसांत डोळा पुवाने भरतो. तो प्रकार विरळा, पण भीषण आणि उघड असतो. रोगी त्याच दिवशी ओरडत येतो. कुष्ठाचा जंतू याच वाटेने जातो, पण वर्षानुवर्षे रेंगाळत. त्याची संख्या एकदा दुप्पट व्हायलाच सुमारे दोन आठवडे लागतात, आणि संसर्गापासून लक्षण दिसेपर्यंत पाच वर्षे, कधी वीस वर्षेही जातात. त्याला शरीराचे थंड भाग मानवतात: नाक, कानाच्या पाळ्या, गाल, आणि डोळ्याचा पुढचा भाग. ज्याच्या अंगात जंतूंची संख्या मोठी आहे त्याच्या डोळ्यातल्या रंगीत पडद्यात, म्हणजे परितारिकेत, ते रक्तावाटे येऊन वस्ती करतात. बाहुली हळूहळू आक्रसत टाचणीच्या टोकाएवढी होते. मध्येच शरीर जंतूंविरुद्ध भडकते, ज्याला कुष्ठाची रिअ‍ॅक्शन म्हणतात, आणि डोळा लाल होऊन परितारिका मागच्या भिंगाला चिकटते. दुसरी वाट मज्जातंतूंची. गालाच्या हाडावरून जाणारी चेहऱ्याच्या मज्जातंतूची फांदी सुजली की पापणी मिटेनाशी होते. डोळ्याला संवेदना देणारा मज्जातंतू मेला की बुबुळावर कुसळ बसले तरी कळत नाही. मग रोजचे काम सुरूच राहते. कापूस वेचताना उडणारी धूळ, मळणीतला भुसा, पऱ्हाटीचे टोक, यांतले काहीही उघड्या आणि बधिर डोळ्यावर जखम करते. त्या जखमेतून साधे पू करणारे जंतू किंवा बुरशी आत शिरते, आणि जे काम कुष्ठाच्या जंतूने सुरू केले ते दुसराच जंतू पूर्ण करतो. यात वेदना नसणे हाच सर्वांत मोठा धोका आहे, कारण दुखत नाही म्हणून कोणी सांगत नाही.

हे ज्ञान नव्हते म्हणून डोळे गेले, असे म्हणता येत नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात कुष्ठावर अध्याय आहे. रोग त्वचेत राहत नाही, एकेका धातूत उतरत खोल जातो, आणि हाडामज्जेपर्यंत पोचला की नाक बसते, डोळे लाल होतात, आवाज बिघडतो, असा क्रम तिथे सांगितला आहे. त्याच अध्यायात निकट सहवासाने एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रोगांची जी यादी आहे, तिच्यात कुष्ठ आणि डोळे येणे दोन्ही आहेत. कुष्ठ या शब्दाखाली तेव्हा त्वचेचे अनेक रोग येत, हे मान्य करूनही नाक, डोळा आणि आवाज एकत्र बिघडण्याचे ते वर्णन आजच्या वैद्यालाही ओळखीचे वाटावे असे आहे. युरोपात नॉर्वेच्या बर्गेन शहरात गेरहार्ड आर्मौअर हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये कुष्ठाचा जंतू पाहिला. त्याच वर्षी ओले बुल या नेत्रवैद्याबरोबर त्यांनी कुष्ठाच्या नेत्रविकारांवर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. जंतू दिसला त्याच वर्षी डोळ्याचा प्रश्नही मांडला गेला होता, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. म्हणजे १९०१ मध्ये केळापूरच्या प्रगणकाच्या हाती तक्ता आला, तेव्हा कुष्ठ डोळ्यात जाते हे जगाला माहीत होऊन एक पिढी लोटली होती. उणीव माहितीची नव्हती. ती माहिती रोग्याच्या दारापर्यंत नेणाऱ्या व्यवस्थेची होती.

ती व्यवस्था कोणत्या नजरेने उभी राहिली हे १८९८ च्या कुष्ठरोगी कायद्यात स्वच्छ दिसते. हवाई बेटांवर कुष्ठरुग्णांची सेवा करता करता फादर डेमियन १८८९ मध्ये त्याच रोगाने वारले आणि ब्रिटिश साम्राज्यभर भीतीची लाट उठली. हिंदुस्थानात चौकशीसाठी कमिशन आले. रोग फार झपाट्याने पसरत नाही आणि सक्तीने सर्वांना कोंडण्याची गरज नाही, असे त्या कमिशनचे मत पडले. तरी कायदा झालाच. त्या कायद्याने कुष्ठरोगी कोणाला म्हटले, तर ज्याच्या अंगावर व्रण फुटायला सुरुवात झाली आहे त्याला. असा माणूस भीक मागत किंवा निराधार फिरताना दिसला तर त्याला पकडून आश्रमात ठेवता येई. खाण्याचे पदार्थ विकण्यासाठी बनवणे, ठरावीक विहिरी-तळ्यांवर पाणी भरणे किंवा आंघोळ करणे, भाड्याच्या वाहनातून जाणे अशा गोष्टींची मनाई त्याच्यावर घालता येई. व्रणाची अट १९२० च्या दुरुस्तीत गेली, पण नजर बदलली नाही. कायद्याला रस होता रस्त्यावर दिसणाऱ्या गरीब रोग्यात. घरी बसलेल्या, अजून व्रण नसलेल्या, पण पापणी मिटेनाशी झालेल्या शेतकऱ्यात त्याला रस नव्हता. उलट त्या शेतकऱ्याला रोग लपवायला त्याने एक भक्कम कारण दिले. लपवलेली वर्षे म्हणजेच जंतूला डोळ्यापर्यंत चालत जायला मिळालेली वर्षे. स्वातंत्र्यानंतरही हा कायदा केंद्राच्या पुस्तकात २०१६ पर्यंत राहिला, आणि जोडीदाराला कुष्ठ आहे हे घटस्फोटाचे कारण असणे कायद्यातून जायला २०१९ उजाडले. लपवण्याची सवय गावोगाव का टिकली, याचे उत्तर या तारखांत आहे.

विदर्भात या नजरेला पहिले उत्तर सेवाभावी माणसांनी दिले. मनोहर दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. गांधीजींनी सेवाग्रामला कुष्ठ झालेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली आणि कुष्ठरुग्णांची सेवा रचनात्मक कार्यक्रमात घेतली. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीला तपोवन उभारले. हिंगणघाटचे मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. नकाशा पाहिला तर केळापूरच्या उत्तरेला वर्धा, पूर्वेला वरोरा, वायव्येला अमरावती. ही तिन्ही नावे तालुक्याच्या आसपासचीच आहेत. पण पांढरकवड्यात रेल्वे नव्हती. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा मोठा रस्ता गावावरून जात असला तरी रानातल्या पोडापासून त्या रस्त्यापर्यंत येणे हाच एक प्रवास होता, आणि भाड्याच्या गाडीत अशा माणसाला बसू देतील याची खात्री नव्हती. इतके करून आश्रमाच्या दारात पोचणारा माणूस बहुधा रोगाच्या शेवटच्या टप्प्यावर असे: घराने बाहेर काढलेला, बोटे झडलेली, नाक बसलेले. त्याला अन्न, काम, सन्मान आणि माणसे मिळाली, आणि हे ऋण विदर्भ कधी विसरू नये. पण त्याचा डोळा वाचवण्याची वेळ बहुधा वाटेतच निघून गेलेली असे. हा संस्थांचा दोष नाही. संस्थेच्या जागेने घातलेली मर्यादा आहे.

मर्यादा ओलांडण्याची रीतही याच प्रदेशात घडली. १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनची स्थापना झाली आणि डॉ. र. वि. वारदेकर यांच्या पुढाकाराने एक साधी, पण क्रांतिकारक पद्धत आखली गेली: सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. प्रशिक्षित कार्यकर्ता घरोघर जाईल, घरातल्या प्रत्येकाचे अंग उजेडात तपासेल, चट्टा बधिर आहे का पाहील, रोगाविषयी बोलेल, आणि उपचार गावाजवळच मिळेल. अमेरिकेत कार्व्हिल इथे १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला सल्फोन औषधांचा उपयोग सिद्ध झाला होता, आणि त्यातली डॅप्सोनची गोळी स्वस्त असल्याने ती गावात नेणे शक्य होते. १९५५ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो याच पद्धतीचा आधार घेऊन. या पद्धतीचे कौतुक सहसा रुग्ण शोधण्यासाठी होते. मला तिचे खरे मोल डोळ्याच्या संदर्भात वाटते. गालावरचा चट्टा कार्यकर्त्याला दिसला तर पापणीचा मज्जातंतू धोक्यात आहे हे त्याला कळू शकत होते. डोळे मिटायला सांगून फट राहते का पाहणे, भुवया विरळ झाल्या आहेत का बघणे, लाल डोळा दिसल्यास डॉक्टरांकडे पाठवणे, यांपैकी कशालाही यंत्र लागत नाही. लागतो तो चेहऱ्याकडे वेळेवर पाहणारा माणूस, आणि तो त्या घरी येईल याची हमी.

यावर पहिला आक्षेप असा येईल की सल्फोन येण्याआधी गावात जाऊन उपयोग तरी काय होता? तुवरकाच्या, म्हणजे चौलमुग्राच्या तेलाची टोचणी दुखरी होती आणि जंतू मारण्याची तिची ताकद संशयास्पद. मग आश्रमांच्या आणि कायद्याच्या काळाला डोळ्यांसाठी दोष देणे म्हणजे आजच्या मापाने कालचे तोलणे नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे, पण पूर्ण खरा नाही. जंतू मारता येत नसतानाही डोळा राखता येत होता. बाहुली रुंद ठेवून परितारिका चिकटू न देणारे अ‍ॅट्रोपिन एकोणिसाव्या शतकातल्या नेत्रवैद्यकात रोजच्या वापराचे होते. न मिटणाऱ्या पापण्यांच्या कडा कोपऱ्यात शिवून फट लहान करण्याची शस्त्रक्रियाही माहीत होती. झोपताना डोळ्यावर स्वच्छ फडके बांधणे, दिवसा धुळीपासून आडोसा ठेवणे, आठवणीने पापण्या मिटत राहणे, याला तर औषधही लागत नाही. यांतून सगळे डोळे वाचले नसते, हे खरे. पण जे वाचले असते त्यांच्यासाठी कोणी गावात जायला हवे होते, आणि त्या काळाने पैसा आणि लक्ष भिंती बांधण्यावर खर्च केले.

दुसरा आक्षेप संख्येचा आहे. देवीच्या रोगाने, खुपरीने, अ जीवनसत्त्वाच्या अभावाने आणि मोतीबिंदूने या देशात कुष्ठापेक्षा कितीतरी जास्त माणसे अंध केली. मग कुष्ठाच्या डोळ्याला इतके महत्त्व का? संख्येचा मुद्दा मला मान्य आहे, पण या अंधत्वाचे वजन संख्येत मावत नाही. डोळे गेलेला माणूस बोटांनी जग वाचतो: चुलीची आच, भाकरीचा कड, काठीच्या टोकाला लागलेला दगड, नातवाचा चेहरा. कुष्ठाने ज्याच्या तळहाताची आणि तळपायाची संवेदना नेली आहे, त्याचा डोळाही गेला तर त्याच्याकडे हात उरत नाहीत. ब्रेलचे ठिपके त्याच्या बोटांना लागत नाहीत. हातातले भांडे तापले आहे हे त्याला कळत नाही, पायात काटा रुतला तर दिसतही नाही आणि दुखतही नाही. बधिर हातापायांच्या माणसाला रोज जखमा तपासायला डॉक्टर सांगतात. ती तपासणी डोळ्यांनीच करायची असते. म्हणून कुष्ठरुग्णाचा डोळा हा त्याच्या उरलेल्या शरीराचा राखणदार आहे. तो गेला की हातापायांची झीजही वेगाने वाढते. एका अवयवाच्या हानीने सगळा माणूस परावलंबी होण्याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसऱ्या रोगात क्वचितच सापडेल.

तिसरा आक्षेप आजचा, आणि सर्वांत धोकादायक. तो म्हणतो, आता हा प्रश्न संपला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. रिफाम्पिसिनमुळे जंतू काही दिवसांतच निष्प्रभ होऊ लागले. वर्धा हा हे उपचार सुरू झालेल्या देशातल्या अगदी पहिल्या जिल्ह्यांपैकी एक होता. १९८३ मध्ये नियंत्रण कार्यक्रमाचा निर्मूलन कार्यक्रम झाला, आणि डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण ही पातळी देशाने गाठली. या यशाचे मोल कमी करण्याचे कारण नाही. लाखो माणसांचे हात, पाय आणि डोळे या गोळ्यांनी वाचवले. पण त्या आकड्याचा अर्थ काय, हे पाहिले पाहिजे. तो उपचार चालू असलेल्या रुग्णांचा आकडा आहे. सहा किंवा बारा महिन्यांचा औषधांचा क्रम संपला की माणसाचे नाव नोंदवहीतून निघते. त्याच्या शरीरातले जंतू मेलेले असतात, पण मेलेला मज्जातंतू परत जिवंत होत नाही. पापणी उघडीच राहते, बुबुळ बधिरच राहते, चिकटलेली परितारिका चिकटलेलीच राहते, आणि रिअ‍ॅक्शन उपचार संपल्यानंतरही येऊ शकते. म्हणजे ज्याला नोंदवही बरा झालेला म्हणते, त्याचा डोळा पुढची कित्येक वर्षे धोक्यात असू शकतो. १९०१ च्या तक्त्याने कुष्ठाच्या सुरुवातीच्या माणसाला वगळले. शतकाच्या शेवटी नव्या नोंदवहीने औषधानंतरच्या माणसाला वगळले. दोन्ही वेळा डोळा रकान्याच्या बाहेरच राहिला. राष्ट्रीय पातळी गाठली म्हणून जिल्हा सुटला असेही होत नाही. पूर्व विदर्भ आणि त्याच्या लगतचा पट्टा राज्यात कुष्ठाच्या बाबतीत पूर्वीपासून पुढे राहिलेला आहे, आणि सरासरी काढताना असे पट्टे बुडून जातात.

यातून केळापूरसारख्या तालुक्याच्या इतिहासाकडे पाहण्याची एक दृष्टी मिळते. आपण आरोग्याचा इतिहास संस्थांच्या नावांनी लिहितो: आश्रम कुठे निघाला, रुग्णालय कधी झाले, कोणी किती जणांना आसरा दिला. त्या पद्धतीने केळापूर हे दत्तपूर, तपोवन आणि आनंदवन यांच्या बाहेरची रिकामी जागा ठरते. पण कुष्ठाच्या डोळ्याचा इतिहास अशा रिकाम्या जागांतच घडला, कारण रोग तिथेच मुरत होता आणि माणसे तिथेच लपत होती. म्हणून या तालुक्याच्या बाबतीत विचारायचा प्रश्न वेगळा आहे: सर्वेक्षणाचा कार्यकर्ता पोडापर्यंत कधी पोचला, आणि पोचला तेव्हा त्याने चेहऱ्याकडे पाहिले का? बाबा आमट्यांनीही आनंदवनाच्या आधी आणि बरोबरीने वरोऱ्याच्या आसपासच्या गावांत कुष्ठरुग्णांसाठी साप्ताहिक दवाखाने चालवले होते, कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये शिक्षण घेतले होते. आश्रम आणि गाव या वाटा परस्परविरोधी नव्हत्या, हे त्या कामातच दिसते. पुढच्या पिढ्यांनी आश्रमाला आदर दिला, आणि गावातल्या दवाखान्याचा धडा मात्र मागे पडू दिला.

तो धडा आज अमलात आणणे अवघडही नाही, महागही नाही. औषधांचा क्रम संपणाऱ्या प्रत्येक रुग्णाचे डोळे नेत्रतज्ज्ञाने तपासल्याशिवाय त्याचे नाव नोंदवहीतून काढू नये. ज्याच्या चेहऱ्यावर चट्टा होता, ज्याला रिअ‍ॅक्शन येऊन गेली, ज्याची पापणी पूर्ण मिटत नाही, त्याची तपासणी पुढेही दरवर्षी व्हावी. पापणी नुकतीच लुळी पडली असेल तर पहिल्या सहा महिन्यांत स्टिरॉइड देऊन ती परत मिळवण्याची खरी संधी असते. ती संधी ओळखायला गावातल्या आशा कार्यकर्तीला ‘डोळे मिटून दाखवा’ एवढे सांगायला शिकवले तरी पुरते. मोतीबिंदूच्या शिबिरात कुष्ठातून बरा झालेला माणूस इतरांच्याच रांगेत बसला पाहिजे, कारण त्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही त्याच टेबलावर होऊ शकते. आतून चालत येणाऱ्या रोगाला बाहेरच्या खुणांवरून पकडण्याची चूक आपण सव्वाशे वर्षे केली. ज्या प्रदेशाने घरोघर जाण्याची पद्धत देशाला दिली, त्याच प्रदेशातल्या केळापूर तालुक्यात बरे झालेल्या प्रत्येक माणसाच्या डोळ्याची नोंद ठेवली गेली, तर तो जुना अपुरा तक्ता पूर्ण करण्याचे काम इथूनच सुरू होईल.